वर केलेला हात

जावयाच्या घरी राहायचं नाही, हे बायको होती तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं. आता गेली सहा वर्षं जावयाच्या घरी राहतोय. सिंगापुरात, चोआ चू कांगला, अकराव्या मजल्यावर. मुलगी इथं बँकेत आहे, जावई कॉम्प्युटरचा इंजिनिअर. मला इथं आणायला दोघांना तीन वर्षं लागली, कारण मी एकदा नाही म्हणालो की नाहीच. शेवटी आलो तो दोन अटी घालून. चहा माझा मी करीन, आणि माझं मत मी बोलून दाखवीन. दोघं लगेच हो म्हणाले. दुसरी अट त्यांनी नीट ऐकली नसावी.

माझं शिक्षण तिसरी. पुढचं सगळं पुण्याच्या फळबाजारात झालं. एकतीस वर्षं हमाली केली, त्यातले सगळे उन्हाळे कलिंगडांच्या गाड्यांवर. कलिंगडाची गाडी कशी खाली करतात ते बघितलं नसेल तर सांगतो. एक माणूस गाडीत उभा राहतो आणि एकेक फळ उचलून खाली फेकतो. खालचा ते झेलतो, वळतो, मागच्याच्या हातात देतो, आणि वळून पुन्हा वर बघतो तोवर दुसरं फळ हवेत असतं. सकाळपासून दुपारपर्यंत हेच. खालच्याला एक हक्क असतो. घाम डोळ्यांत गेला, पाय घसरला, मागचा जागेवर नसला, तर त्यानं हात वर करायचा. हात दिसला की वरच्यानं थांबायचं. का म्हणून कोणी विचारत नाही.

मी एकतीस वर्षांत एकदाही हात वर केला नाही. बाजारात माझी ओळखच ती होती. गाळ्यागाळ्यांतून सांगायचे, तो बघा, हात वर न करणारा. हे मी मुलीला ती लहान असल्यापासून सांगत आलोय, आणि जावयाला साखरपुड्यातच सांगितलं होतं.

तर हे जावईबापू. पुण्याचा शिकला-सवरलेला माणूस, चाळिशीला टेकलेला, वागायला गरीब. दोन वर्षं अमेरिकेत शिकायला होता, तिथून एक खेळ लावून घेऊन आला. अमेरिकन फुटबॉल म्हणतात, पण पायाचं काम त्यात थोडंच. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर गाद्या बांधायच्या आणि एकमेकांच्या अंगावर जायचं. सिंगापुरात असा खेळ खेळणारी मोजकी माणसं आहेत. काही अमेरिकेचे, काही इथलेच चिनी, मलय, दोन-तीन आपल्याकडचे. रविवारी दुपारी मैदान मिळतं तेव्हा खेळतात.

पहिल्यांदा मुलगी मला घेऊन गेली तेव्हा सगळे मधे गर्दी करून उभे होते आणि आमचे जावईबापू लग्नात रुसलेल्या पाहुण्यासारखे एकटेच लांब मागे. मी विचारलं, ह्यांना खेळात घेत नाहीत का? मुलगी म्हणाली, थांबा, आत्ता त्याचंच काम येईल.

ते काम जावयानं मला घरी जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं. मिठाची डबी म्हणजे समोरचे, लोणच्याची बरणी म्हणजे स्वतः तो. एका बाजूला चेंडू पुढे न्यायला चार संधी मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड सरकता आलं नाही, तर चौथ्या वेळी ते चेंडू लाथेनं लांब उडवून देतात. त्याला पंट म्हणायचं. तो खाली येताना झेलणारा एकच, तो म्हणजे जावई. पळण्यात आणि झेलण्यात तो पोरांनाही ऐकत नाही, म्हणून ही जागा त्याची.

चेंडू हवेत चारेक सेकंद असतो. तेवढ्यात त्याला तीनातलं एक ठरवायचं असतं. झेलून पळत सुटायचं, आणि समोरून धावत येणाऱ्यांना चुकवत जमेल तेवढं पुढे जायचं. नाहीतर झेलायच्या आधी हात डोक्यावर उंच करून हलवायचा. मग त्याला कोणी हात लावायचा नाही, पण त्यानंही पळायचं नाही, झेलला तिथंच थांबायचं. किंवा चेंडूला शिवायचंच नाही, पडू द्यायचा. धोका कुठं, तर शिवला आणि निसटला तर तो चेंडू कोणाचाही. समोरच्यांनी झडप घातली की गेला.

"अण्णा, सगळ्यात अवघड झेलणं नाही," तो म्हणाला. "ठरवणं अवघड."

मी मान डोलावली. पण माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला होता. हात वर.

पुढच्या दोन सामन्यांत मी मोजून बघितलं. सहा वेळा चेंडू आला, चार वेळा जावयानं हात वर केला. समोरून सातआठ दांडगे धावत यायचे आणि हा हात हलवून गपचूप चेंडू पोटाशी घ्यायचा. ते धावणारे दोरीनं ओढल्यासारखे जागच्या जागी थांबायचे. सगळे टाळ्या वाजवायचे. टाळ्या कसल्या वाजवतात ते मला कळेना.

एका रविवारी त्यांचा कॅप्टन घरी जेवायला आला. इथलाच चिनी माणूस, शाळेत मास्तर आहे, आमटीभात चमच्यानं आवडीनं खातो. जेवता जेवता खेळाचं निघालं आणि मला राहवलं नाही. इथं बस थांबवायची तर स्टॉपवर उभं राहून हात दाखवावा लागतो. मी भाकरीचा हात तसाच वर करून म्हणालो, आमचे जावईबापू मैदानात बस थांबवतात.

कॅप्टननं विचारलं, अंकल काय म्हणाले? मुलगी आमटी वाढायला लागली. जावयानंच हसून इंग्रजीत सांगितलं. कॅप्टनही हसला. जावयाचे कान मात्र लाल झालेले मी पाहिले, आणि पाहूनही वर जोडलं की मी एकतीस वर्षं, एकदाही नाही.

त्यानंतरच्या सामन्यात चेंडू फार उंच गेला. खाली यायला इतका वेळ लागला की समोरचे तिघं जावयाच्या पुढ्यात येऊन पोचले. मी कडेला मुलीशेजारी बसलो होतो. जावयाचा उजवा हात निघाला, खांद्यापर्यंत आला, आणि तिथून खाली गेला. मी डोळ्यांनी पाहिलं. चेंडू हातात पडायला आणि तिघं अंगावर पडायला एकच गाठ पडली. चेंडू निसटला, समोरच्यांनी उचलला, आणि तिथं सामना गेला.

कॅप्टननं नंतर जावयाला बाजूला घेतलं. वाईट काही बोलला नाही म्हणे. एवढंच म्हणाला की आता तुझ्या जागी दुसऱ्याला उभं करतो, तू थोडे दिवस कडेला बस. चाळिशीच्या माणसाचे थोडे दिवस म्हणजे काय ते तिघांनाही कळत होतं. त्यालाही, कॅप्टनलाही, मलाही. एकदा कडेला बसला की बसलाच.

घरी आल्यावर जावई अंघोळ करून झोपला. मुलीनं माझ्यासमोर खुर्ची ओढली.

"अण्णा, आठवड्यातले पाच दिवस तो स्क्रीनसमोर असतो. त्याची अशी जागा जगात एकच होती."

मी म्हणालो, चेंडू काय मी पाडला?

"हात तुम्ही पाडलात," ती म्हणाली आणि आत गेली.

दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. चहा करायचा, खिडकीतून खालची झाडं बघायची. माफी मागणं मला येत नाही, कधी शिकलोच नाही. मला कलिंगड फेकता येतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खालच्या दुकानातून दोन चांगली कलिंगडं आणली आणि जावई कामावरून यायच्या वाटेवर जाऊन बसलो.

आधी माझा बेत असा होता की चौथ्या मजल्याच्या व्हरांड्यातून फेकावीत, म्हणजे उंची मिळेल. मुलीला फोनवर तसं सांगितलं तर ती किंचाळायचीच राहिली. इथं वरून कागदाचा कपटा टाकला तरी पोलीस येतात, अण्णा, आणि तुम्ही कलिंगड टाकणार. मग बिल्डिंगशेजारच्या गवतावरचा दगडी बाक ठरला. मी बाकावर चढून उभा राहिलो. जावई लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून आला आणि बघतच राहिला.

मी म्हणालो, बॅग ठेवा, जावईबापू. झेला.

पहिलं त्यानं हातांनी धरायला बघितलं आणि ते त्याच्या बुटांवर फुटलं. झाडणारी म्हातारी चिनी बाई लांबून आली, आधी रागावून बघितलं, मग आम्ही दोघं फोडी उचलायला लागलो तशी हसायला लागली. तिला मोठी फोड दिली. तिनं ती तिथंच उभ्यानं खाल्ली आणि झाडू बाजूला टेकवून बसली, तमाशा बघायला.

मी जावयाला सांगितलं, हातांनी झेलायचंच नाही. गुडघ्यानं झेलायचं. फळ येतंय तसं आपण खाली जायचं, पोटाशी घ्यायचं. फळाला कळताच कामा नये की आपण थांबलो. आणि फेकणाऱ्याच्या हाताकडं बघायचं नाही, कंबर बघायची. फळ कुठं जाणार ते कंबरेला आधी कळतं.

तो हुशारच. दुसरं कलिंगड त्यानं अलगद घेतलं. रोज संध्याकाळी आम्ही खाली जायला लागलो. म्हातारी आपली वेळेवर हजर. फुटलं तर तिला फोड, नाही फुटलं तर घरी. आमच्या फ्रीजमध्ये भाजीला जागा राहिली नाही. मुलगी शेजाऱ्यांना कापून वाटायची, आणि लिफ्टमध्ये लोक मला ओळखून हसायला लागले.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी मुद्दाम वाईट वेळ साधली. तो बुटाची नाडी बांधून उठतोय तेवढ्यात फेकलं. त्यानं धडपडत घेतलं, पण मनगट मुरगळलं. दात आवळून उभा राहिला. मी बाकावरून उतरलो.

म्हणालो, पाय जागेवर नव्हता. हात का नाही वर केला?

"तुम्ही केला असता?"

इतक्या वर्षांत त्यानं मला उलटं विचारलेलं हे पहिलंच. म्हातारी तोंडातली फोड चघळायची थांबली. तिला भाषा कळत नव्हती, पण काहीतरी अडलंय एवढं कळलं असावं.

माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. बाहेरच्या बाजूला गेलेली, सरळ होत नाही. लोक विचारतात तेव्हा मी सांगतो, ट्रकच्या फाळक्यात सापडली. बायकोला तेच सांगितलं, मुलीलाही तेच. त्या संध्याकाळी बाकावर बसून जावयाला खरं सांगितलं. भर दुपारची वेळ होती, डोळ्यांत घाम चुरचुरत होता, काही दिसत नव्हतं. वरचा नवा होता, भला होता. त्यानं स्वतःहून विचारलं, मामा, थांबू का? मी म्हणालो, फेक. फळ करंगळीवर आलं. तो सबंध उन्हाळा मी कलिंगडाला हात लावू शकलो नाही, दुसरे झेलत होते आणि मी गाळ्याच्या दारात बसून बघत होतो. म्हणजे एकतीस वर्षंसुद्धा खरी नाहीत, एक उन्हाळा त्यातून वजा करायला हवा. हेही सांगून टाकलं.

जावयानं करंगळी हातात घेऊन वैद्यासारखी उलटसुलट बघितली. मग जाऊन जागेवर उभा राहिला.

"टाका, अण्णा."

मी कलिंगड उचललं, पुढे झुकलो, आणि त्यानं हात वर केला. उंच, डोक्याच्याही वर. मी फळ पोटाशी धरून तसाच बाकावर उभा. मग तो हसायला लागला, मी हसायला लागलो, आणि म्हातारीनं झाडू बगलेत धरून टाळ्या वाजवल्या.

कॅप्टनला मीच गाठलं. सरावाच्या मैदानावर गेलो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणालो, दहा चेंडू. एक पडला तर घरी नेतो. कॅप्टन म्हणाला, "अंकल, दहा कॅन. पण पाऊस पडला तर कसं, लाह?" कॅन म्हणजे चालेल, लाह हे नुसतं इथल्या बोलण्याचं शेपूट. मी बाटलीतलं पाणी चेंडूवर ओतून त्याच्या हातात दिला. आता मार. दहाच्या दहा जावयानं घेतले. मनगटाला पट्टी होती तरी घेतले. कॅप्टननं हंगामाच्या शेवटच्या सामन्याला त्याला उभं करायचं कबूल केलं. एक पडला की पुन्हा कडेला, हेही सांगून टाकलं.

सामन्याच्या दिवशी दुपारी पाऊस पडून गेला होता आणि गवत ओलं होतं. मी तासभर आधी जाऊन बसलो. समोरच्यांचा लाथ मारणारा उंच गोरा माणूस सराव करत होता. मी त्याची कंबर बघत बसलो, एकतीस वर्षांची सवय ती. तीसच म्हणा. तो चेंडू कंबरेपासून सोडायचा तेव्हा चेंडू आभाळात जायचा. वाकून गुडघ्यापाशी सोडायचा तेव्हा सपाट, लांब जायचा, आणि त्याची धावणारी माणसं खूप मागे राहायची. हे मी जावयाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, सपाट आला तर पळायचं, उंच आला तर बस थांबवायची. मी म्हणालो, बरोबर.

पहिला उंच आला. हात वर, चेंडू पोटाशी, सगळे थांबले. मी टाळ्या वाजवल्या. कसल्या वाजवतात ते आता मला कळत होतं.

दुसरा फारच लांब आला. आपल्या दहा यार्डांच्या रेघेवर टाच ठेवून उभं राहायचं आणि तिथून मागे जायचं नाही, असा झेलणाऱ्याचा ठरलेला नियम आहे. चेंडू डोक्यावरून मागे गेला. जावयानं त्याच्याकडं पाठ केली आणि दोन्ही हात पसरून आपल्या माणसांना लांब केलं, शिवू नका म्हणून. येणारं फळ झेलायचंच नाही, असलं आमच्या बाजारात कोणी केलं असतं तर त्याला घरी पाठवलं असतं. मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. चेंडू घरंगळत घरंगळत मागच्या पट्टीत गेला, आणि पंचांनी नियमाप्रमाणे तो आणून जावयाच्या संघाला चांगला पुढे, वीस यार्डांवर दिला. नुसतं न शिवण्याचे दहा यार्ड मिळाले.

तिसऱ्याला तो गोरा वाकला. मी मुलीचा दंड धरला. चेंडू सपाट आला, जावयानं गुडघ्यात जाऊन उचलावा तसा घेतला, आणि सुटला. पहिला धावत आला त्याच्या हाताखालून गेला, दुसरा ओल्या गवतावर घसरून बसला. तिथून जावई कडेकडेनं आमच्या समोरून गेला. चाळिशीचा माणूस असा पळतो हे मी आधी पाहिलं नव्हतं. त्याला शेवटी पाडलं तेव्हा त्यानं निम्म्याहून जास्त मैदान खाल्लं होतं. पुढच्या दोन खेपांत आमच्या संघानं गुण केले आणि आम्ही एका गुणानं पुढे गेलो.

मग शेवटची दोन मिनिटं. समोरच्यांचं काही चालेना, तेव्हा त्यांनी पुन्हा चेंडू उडवायचं ठरवलं. मुलगी म्हणाली, आता त्यांना फक्त एवढंच हवंय की याच्या हातून निसटावा. तो गोरा सरळ उभा राहिला. कंबरेपासून सोडला. चेंडू इतका उंच गेला की मला वाटलं ढगातून पाणी घेऊन येतोय.

पाच जण जावयाकडं धावत निघाले. मागच्या वेळी होती तशीच वेळ, तसाच चेंडू. जावई वर बघत होता. हात कंबरेशी होता. हात छातीपाशी आला, खांद्यापाशी आला, आणि वर गेला, उंच, डोक्याच्याही वर, आणि हलला.

पाचही थांबले. जावई गुडघ्यात खाली गेला, चेंडू पोटाशी घेतला. चेंडूला कळलंसुद्धा नाही.

मागून कोणीतरी तरुण पोरगी म्हणाली, "अंकल, हात खाली घ्या, प्लीज, काही दिसत नाही." मी बघितलं तर माझा उजवा हात वर होता. कधी वर गेला होता कोण जाणे.

मुलगीही माझ्याकडं बघत होती. "अण्णा, हात वर केलात."

मी म्हणालो, ऊन येत होतं डोळ्यांवर.

तिनं आभाळाकडं बघितलं. सगळे ढग. माझा हात धरून हळूच खाली घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

सामना जिंकल्यावर जावई चिखलानं भरलेला आमच्याकडं आला. खांद्यांवरच्या गाद्यांमुळं त्याला नीट वाकता येत नव्हतं, तरी पाया पडायचा प्रयत्न केला. मग चेंडू माझ्या हातात दिला. कलिंगडाच्या मानानं अगदीच हलका. दोन्ही टोकांना निमुळता, धरायला भलता अवघड. माझी करंगळी त्याच्यावर एका बाजूला निघालेली दिसत होती. जावई तिच्याकडं बघून हसला.

"करंगळीला काय हसतोस?" मुलीनं त्याला विचारलं.

"काही नाही. ट्रकच्या फाळक्यात सापडली होती ना ही?" त्यानं मला विचारलं, आणि सरळ चेहऱ्यानं उत्तराची वाट बघत उभा राहिला.

मी हो म्हणालो. तेव्हा म्हणालो. कॅप्टन पुढच्या हंगामाचं विचारायला येत होता, जावई तिकडं वळला, आणि बोलणं तिथंच राहिलं. आता हे लिहिलंय ते मुलगी वाचेलच, माझं लिहिलेलं ती एक अक्षर सोडत नाही. मग जे बोलायचं ते बोलेल. मी ऐकून घेईन. चहा माझा मी करतोच.